दिवे लागायच्या आधी : होक्काइदोतली बर्फशिल्पं

बर्फाची शिल्पं रात्री, रंगीत दिव्यांत बघावीत असं बहुतेक जण सांगतात, आणि सगळीकडे दिसणारे फोटोही तसेच असतात. मला हे पटत नाही. जांभळा किंवा हिरवा झोत आरपार गेला की समोरची वस्तू बर्फाची आहे की ॲक्रिलिकची, हे फोटोत कळेनासं होतं. बर्फाला स्वतःचा रंग असतो, थर असतात, बुडबुडे आणि तडे असतात. ते दिसतात उजाडताना, ढगाळ दुपारी, नाहीतर सूर्य मावळल्यापासून दिवे अंगावर येईपर्यंतच्या थोड्या वेळात. ही सहल मी त्याच हिशेबाने आखली होती.

जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावर फेब्रुवारीच्या पूर्वार्धात बर्फाचे बरेच उत्सव एकाच वेळी चालू असतात. सापोरोचा हिमोत्सव जगभर माहीत आहे. त्याच सुमारास शिकोत्सु तलावाकाठी, आसाहिकावात आणि सोउनक्योच्या घळीत वेगवेगळ्या पद्धतीचं बर्फाचं काम बघायला मिळतं. कुठे तलावाचं पाणी फवारून भिंती उभ्या करतात, कुठे ट्रकने आणलेलं हिम दाबून त्यातून कोरतात, कुठे कारखान्यात गोठवलेल्या स्वच्छ लाद्या घडवतात. हे सगळं एका दमात बघायचं होतं.

सोबत मामा होता. मामाचा पेणला गणपतीचा कारखाना. आता तो मुलांकडे सोपवलाय, आणि तो तोक्योत आमच्या निशी-कासाईच्या घरी राहायला आला होता. "बर्फाच्या मूर्ती घडवतात म्हणतेस, मग मी हत्यारं बघायला येणार," एवढंच म्हणाला आणि माझ्या नवऱ्याचा जाड कोट मागून घेतला.

बुधवार : शिकोत्सु तलाव

हानेदाहून सकाळचं विमान, न्यू चितोसेला उतरून तिथूनच तलावाची बस. विमानतळाबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी बर्चचं जंगल लागतं आणि बस तासाभरात तलावाशी नेऊन सोडते.

शिकोत्सु तलाव ज्वालामुखीच्या विवरात आहे. खोली 363 मीटर. जपानात याहून खोल तलाव फक्त ताझावा. एवढं पाणी उन्हाळ्यातली ऊब पोटात धरून ठेवतं, म्हणून आजूबाजूची झाडं पांढरी पडली तरी तलाव सहसा गोठत नाही. काठावरचा बर्फाचा गाव मात्र याच पाण्याचा बनवलेला असतो. आधी सांगाडे उभारतात आणि थंडी पडायला लागली की त्यांच्यावर आठवडेच्या आठवडे तलावाचं पाणी फवारत राहतात. थरावर थर गोठून बुरूज, बोगदे, गुहा तयार होतात.

आणि हे सगळं निळं असतं. दिवे नसताना निळं. पाणी लाल रंग थोडाथोडा शोषून घेतं. बर्फ जाड असेल आणि त्यात हवेचे बुडबुडे कमी असतील तर प्रकाश आत लांबवर जातो, त्यातला लाल गळतो आणि बाहेर येतो तो निळा. बुडबुडे जास्त असले की प्रकाश वरच्यावर विखुरतो आणि बर्फ पांढरा दिसतो. शिकोत्सुच्या एकाच भिंतीवर दोन्ही दिसतं. वरून ओघळलेल्या कांड्या पांढुरक्या, आणि दोन कांड्यांमधल्या खोबणीत शाईच्या दौतीत डोकावल्यासारखा गडद निळा.

कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) ऑटोवर असेल तर कॅमेरा हा निळा चुकीचा समजून पुसायला बघतो. मी ते दिवसाच्या उजेडावर, 5500 केल्विनला, बांधून ठेवते. आभाळ भरलेलं होतं हे आमचं भाग्य. ऊन असतं तर पृष्ठभाग चकाकला असता आणि आतला रंग हरवला असता.

एका बोगद्याच्या भिंतीत शेवाळ गोठवलेलं होतं. मी नव्वद मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावून बराच वेळ तिथेच थांबले. शेवाळाच्या एकेका टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा चिकटलेला, आणि त्याच्यामागे वर निमुळती होत गेलेली बारीक बुडबुड्यांची शेपटी. पाणी हळूहळू गोठत आलं, तशी हवा पुढे ढकलली गेली आणि जिथे वाट संपली तिथे अडकली. कोणी घडवलेलं नसूनही हे मला त्या दिवशीचं सर्वांत सुंदर शिल्प वाटलं.

मामाने हातमोजा काढून भिंतीवरून बोटं फिरवली.

"ह्याला हत्यार लागलेलंच नाही गं."

"नाही. नुसतं पाणी मारलंय."

"छान आहे. पण मला हत्यारं दाखव."

तलावातून चितोसे नदी जिथून निघते तिथे लाल लोखंडी पूल आहे. साडेचारच्या सुमारास उत्सवाचे दिवे लागले, पण आभाळात अजून उजेड होता, त्यामुळे बुरुजांचा निळा आणि दिव्यांचा पिवळा काही मिनिटं एकमेकांना सांभाळून होते. मग अंधार पडला, झोत हिरवे-गुलाबी झाले, आणि आम्ही बस पकडून चितोसेमार्गे सापोरो गाठलं.

गुरुवार : सापोरो

सापोरोचा उत्सव 1950 साली सुरू झाला. इथल्या शाळांतल्या मुलांनी ओदोरी बागेत हिमाची सहा शिल्पं केली होती. 1955 पासून आत्मसंरक्षण दलाचे, म्हणजे जपानच्या सैन्याचे, जवान मदतीला आले आणि शिल्पं अवाढव्य झाली. 1972 च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे ती जगाने पाहिली. आज साधारण दीड किलोमीटर लांबीच्या बागेत एका टोकाच्या टीव्ही टॉवरपासून पुढपर्यंत ती मांडलेली असतात. हिम शहराबाहेरून ट्रकने आणतात, कारण माती मिसळलेलं हिम कोरताना डाग दिसतात. उत्सव संपला की लगेच यंत्रं लावून सगळं पाडतात, नाहीतर वितळताना कोसळून कुणाच्या अंगावर यायचं.

मोठी शिल्पं मी भरभर पाहिली. राजवाडे आणि कार्टूनमधली पात्रं इमारतीएवढी करायला लागणारी मेहनत अफाट आहे, त्याबद्दल आदरच वाटतो, पण कॅमेरा तिथे रमला नाही. रमला तो बागेच्या पश्चिमेकडच्या भागात, जिथे वेगवेगळ्या देशांचे छोटे गट हिमशिल्प करतात. ही स्पर्धा 1974 पासून चालते. ढगाळ उजेडात पांढऱ्यावर पांढरं कोरलेलं असतं, म्हणजे फोटोत दिसायला फक्त सावली. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला राखाडी समजतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर घ्यावं लागतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण त्याहून वर गेलं तर हिमाचा पोत जळतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू न देता तिच्या जवळ आणायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

रस्ते काचेसारखे झाले होते. चौकाचौकांत पेट्यांमध्ये वाळू ठेवलेली असते. घसरडं दिसलं की कुणीही ती घेऊन पसरावी, अशी पद्धत. एक शाळकरी मुलगी सिग्नलला थांबली असताना वाळू काढून झेब्रा पट्ट्यांवर टाकत होती, आणि मागून येणारी आजी तिला मान लववून पुढे गेली. मामाने ते पाहिलं आणि पुढच्या चौकात त्यानेही तेच केलं.

दुपारी सूप करी खाल्ली. हा पदार्थ सापोरोचाच. पातळ मसालेदार रस्सा, त्यात अख्खे भाजलेले गाजर, बटाटा, भोपळा, कमळकाकडी, आणि शेजारी भात. तिखटपणाचा आकडा आपण सांगायचा. मामा गुरुवारी शाकाहारी, त्याला भाज्यांची करी मिळाली. भोपळा खाऊन त्याने "हा आपल्या लाल भोपळ्यापेक्षा गोड आहे" असा निकाल दिला.

संध्याकाळी सुसुकिनो. दाढीवाल्या निक्का व्हिस्कीच्या पाटीच्या चौकापासून रस्त्याच्या मधोमध कारखान्याच्या बर्फाची पारदर्शक शिल्पं उभी असतात. काही लाद्यांमध्ये मासे आणि खेकडे अख्खे गोठवलेले. इथे अंधाराची वाट बघू नये. चार-साडेचारला आभाळाचा उजेड मागून येत असतो, बर्फाच्या कडा उजळतात, आणि पाट्यांचे रंग शिल्पाच्या आत उलटे दिसतात. बर्फाचा फोटो समोरून प्रकाश असताना काढून उपयोग नसतो. प्रकाश मागून किंवा बाजूने हवा आणि मागची जागा शक्य तितकी गडद. मी एका दुकानाचं बंद काळं शटर मागे धरून ससाण्याचा पंख टिपला. चौकाच्या पाट्या मागे आल्या की तोच पंख नाहीसा होत होता.

गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. पाट्यांच्या दिव्यांची लुकलुक फोटोत आडवे पट्टे आणते. या भागात वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर पन्नासांश सेकंदाला ठेवलं की बहुतेक पट्टे जातात.

"ह्या लादीत पांढरा गाभा कसा नाही?" मामाने विचारलं. अलिबागच्या मासळीबाजारात येणारी लादी मधोमध पांढरी असते, ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी मिळालं.

शुक्रवार : आसाहिकावा

सापोरोहून एक्स्प्रेस गाडीने दीड तासाच्या आत आसाहिकावा. हे शहर चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे, थंड हवा खाली साचते आणि हलत नाही. जपानमधलं सर्वांत कमी नोंदलं गेलेलं तापमान इथलंच : 25 जानेवारी 1902, उणे 41 अंश. आम्ही उतरलो तेव्हा स्टेशनबाहेरच्या पाटीवर उणे 9 होतं.

स्टेशनसमोरून सरळ जाणारा खरेदीचा रस्ता 1972 पासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. हिवाळी उत्सवात त्याच रस्त्यावर बर्फशिल्पांची जागतिक स्पर्धा होते. दुकानांच्या समोर दोन्ही बाजूंना माणसं जाऊ शकतील एवढी वाट ठेवून मधे गटांच्या जागा आखलेल्या होत्या. प्रत्येक जागेत लाद्यांची चळत, प्लास्टिकमध्ये घालून टांगलेलं रेखाचित्र आणि हत्यारांची पेटी. काम रात्रीही चालू राहतं, आणि सगळी सहल मी खरं तर या रात्रीसाठी केली होती.

जेवण लवकर उरकलं. इथलं रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, सोया सॉसचं, वर तेलाचा थर असतो, त्यामुळे रस्सा शेवटपर्यंत वाफाळता राहतो. मग सात वाजता रस्त्यावर.

आधी करवती. यांत्रिक करवतीने लादीचा नको असलेला भाग उडवतात तेव्हा भुसा हिमासारखा उसळतो. कामाचा पांढरा दिवा मागे येईल अशी जागा शोधून मी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाला नेलं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200. प्रत्येक कण वेगळा दिसायला लागला. कारागिराच्या भुवयांवर, टोपीच्या कडेवर भुसा साचून पांढरा झालेला.

करवत थांबली की पटाश्या निघतात. मामा इथे खिळला. लांब दांड्याच्या, रुंद पात्याच्या पटाश्या, आणि त्यांच्यावर हातोडी नाही. दांडा तळहातात धरून खांद्याच्या जोराने नुसतं ढकलायचं. पात्याखालून बर्फाची पारदर्शक सालं निघत होती. पातं इतकं धारदार की आवाज जवळजवळ नव्हता, फक्त खाली सालं पडताना किणकिण.

"दाबाने काढतोय, ठोकून नाही," मामा म्हणाला. "ठोकलं तर तडा जाईल. कोरणी आम्ही पण अशीच धरतो, फक्त एवढी जड नसते."

एका जागेवरचा कारागीर चहाला थांबला तेव्हा मी फोटोची परवानगी मागितली आणि बोलणं सुरू झालं. तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. जपानमध्ये हे कौशल्य मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून वाढलं, मेजवानीच्या टेबलावर मधोमध बर्फाचा हंस किंवा मासा ठेवायची रीत होती म्हणून. मामाचा पांढऱ्या गाभ्याचा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, लादी झटपट गोठवली की हवा मध्यभागी कोंडते आणि पांढरी पडते. इथल्या लाद्या दोन-तीन दिवस लावून सावकाश गोठवतात, आणि गोठेपर्यंत पाणी हवेच्या नळीने ढवळत ठेवतात, म्हणजे बुडबुडा चिकटून बसत नाही. मधलं उरलेलं गढूळ पाणी शेवटी काढून टाकून तिथे स्वच्छ पाणी भरतात. अशी एक लादी 135 किलोची.

थंडी जास्त असेल तर काम सोपं होत असेल, असं मला वाटायचं. त्याने नकारार्थी मान हलवली. फार थंडीत बर्फ ठिसूळ होतो, धार काढायला जावं तर टवका उडतो. उणे पाच ते दहा त्याच्या मते सगळ्यांत बरं.

दहाच्या सुमारास त्याच्या जोडीदाराने त्यांच्या शिल्पातल्या पंखाचा वरचा भाग जोडायला घेतला. गॅसच्या शेगडीवर ॲल्युमिनियमची सपाट प्लेट गरम केली, दोन्ही तुकड्यांच्या तोंडावरून फिरवली. दोन्ही तोंडं क्षणभर ओली, आरशासारखी गुळगुळीत. दोघांनी तुकडा उचलून टेकवला आणि श्वास धरून उभे राहिले. एकाने मनात आकडे मोजले असावेत, ओठ हलत होते. मग हात सोडले. सांध्याच्या एका कोपऱ्यात फट दिसत होती, तिथे हिम आणि पाणी कालवून बोटाने भरलं, वरून कानस फिरवली. जोड कुठे आहे ते मला लेन्समधूनही सापडेना.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं होतं हे दगडाचं काम असणार. गेलं ते गेलं. पण हे तर परत लावता येतंय. कापताना दगड आणि जोडताना शाडू." कारागिराला हे भाषांतर करून सांगितलं. तो शाडू म्हणजे काय ते विचारत राहिला, मामाने मोबाइलमधले कारखान्यातले फोटो दाखवले : रंग न दिलेल्या, ओल्या, राखाडी मूर्तींच्या रांगा. त्याने एक मूर्ती मोठी करून सोंडेचा जोड कुठे आहे हे बोटाने विचारलं. मामाने स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. बरोबर त्याच जागेकडे तो बघत होता.

त्या रात्रीच्या फोटोंपैकी मला सगळ्यांत प्रिय आहे तो शिल्पाचा नाही. दोघांचे चार हात, मधे पंखाचा तुकडा, हातमोज्यांवर गोठलेलं पाणी.

थंडीत बॅटरी निम्म्या वेळात उतरते. जादाच्या बॅटऱ्या मी आतल्या खिशात, काइरोच्या गरम पुडीच्या शेजारी ठेवते आणि आलटून पालटून वापरते. हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून तसाच दोन तास ठेवायचा. बाष्प पिशवीवर जमतं, लेन्सवर नाही. कार्ड मात्र पिशवीत टाकण्याआधी काढून घ्यावं, नाहीतर फोटो बघायला मध्यरात्र होते.

शनिवार : आसाहिकावा, सकाळ

उजाडायच्या आधी पुन्हा त्याच रस्त्यावर. दिवे बंद, दुकानं बंद, हिम फावड्याने ओढणारा एक म्हातारा. रात्री पडलेलं हिम शिल्पांवर बोटभर साचलं होतं आणि काही गट मऊ ब्रशने ते झाडत होते. जिथे अजून झाडलं नव्हतं तिथे प्रत्येक आडव्या कडेवर पांढरी रेघ. शिल्पाचा आकार त्या रेघांमुळेच स्पष्ट दिसत होता, आणि झाडल्यावर तो पुन्हा हवेत विरघळला. मी दोन्ही अवस्था एकाच जागेवरून टिपल्या.

हॉटेलवाल्या कारागिराचा पंख आता पूर्ण होता. एकेक पीस वेगळं, टोकाशी कागदाइतकं पातळ. आभाळाचा राखाडी-निळा उजेड पिसांतून येताना मुळाशी गडद, टोकाशी जवळजवळ काहीच नाही. ऊन इमारतींच्या वर आलं तेव्हा पहिल्यांदा सांध्याची रेघ उमटली, केसाएवढी. मामाला ती दाखवली. "एवढी असायचीच," तो म्हणाला.

ऊन लागलं की बर्फात आतून बारीक तडे धरतात आणि पारदर्शकपणा जातो. पहिल्या सकाळी बघणं म्हणूनच महत्त्वाचं. दुपारी परत गेलो तेव्हा एका घोड्याचा माथा दुधी झालेला होता.

रविवार : सोउनक्यो

आसाहिकावाहून बसने दोन तास, इशिकारी नदीच्या घळीत. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि त्यांच्यावरून गोठलेले धबधबे : गिंगा, सुमारे 120 मीटर, आणि शेजारचा र्‍युसेई, सुमारे 90 मीटर. दुपारी तीनपर्यंत तिथेच होतो. मोठ्या लेन्सने बघितलं की गोठलेल्या पडद्यामागे पाण्याची हालचाल दिसते. शिकोत्सुच्या भिंतींचा निळा इथेही होता, कुणी फवारा न मारता.

इथला बर्फोत्सव नदीच्या पात्रात, लाकडी सांगाड्यांवर नदीचं पाणी गोठवून उभारतात. आत शिरता येईल असे घुमट, जिने, बोगदे. तो मुख्यतः अंधार पडल्यावरच रंगतो, दिवे सात रंगांचे. इथे मला दिवे खटकले नाहीत. घुमटाच्या आत छतापासून माणसापेक्षा लांब कांड्या लोंबतात आणि प्रकाश भिंतीपलीकडून, जाड बर्फ गाळून आत येतो, म्हणजे रंग बर्फावर पडत नाही, बर्फातून झिरपतो. मला दिव्यांत काय नकोसं वाटतं ते इथे नीट कळलं : समोरून मारलेला झोत. उणे 17 मध्ये ट्रायपॉडच्या पायांना फोम गुंडाळला होता तरी बोटं बधिर झाली, आणि एका वेळी दहा मिनिटांहून जास्त थांबणं शक्य नव्हतं. मामा मधल्या शेकोटीपाशी उभा राहून सांगाडे कसे बांधलेत ते निरखत होता. मांडवाचे वासे बांधतात तशीच बांधणी आहे म्हणाला, पण काथ्याऐवजी तार.

जायचं असेल तर दोन गोष्टी. आसाहिकावातली हॉटेलं सापोरोच्या मानाने स्वस्त असली तरी स्पर्धेच्या रात्रींची जागा फार आधी संपते, म्हणून तारखा जाहीर झाल्या की आधी ती घ्यावी, सापोरोचं नंतर बघावं. आणि सोउनक्योला मुक्काम करावा, कारण शेवटची बस उत्सव ऐन भरात असताना निघून जाते. आम्ही तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाच्या सरायीत राहिलो आणि सोमवारी सकाळी आसाहिकावा विमानतळ गाठला. मामाच्या बॅगेत आसाहिकावाच्या हत्यारांच्या दुकानातली एक पटाशी होती, दोन बोटं रुंद, चेक-इनच्या सामानात नीट गुंडाळून. तिने शाडू कसा कापला जातो ते तो गणपतीच्या हंगामात कळवणार आहे.